दोन वेळा गुणलेला पाऊस

मागच्या वर्षी मी माणदेशातल्या एका पर्जन्यमापन केंद्रावर एकाच सप्टेंबरात २०६४ मिलिमीटर पाऊस पाडला. आमच्या मार्गदर्शक मॅडम मूळच्या त्याच भागातल्या. त्यांनी आलेख पाहिला, चष्मा काढला आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, एवढा पाऊस पडला असता तर माझे आजोबा मुंबईला गिरणीत कशाला गेले असते?"

चूक माझीच होती. जुन्या नोंदवह्यांमधला पाऊस इंचांत लिहिलेला. मला तो मिलिमीटरमध्ये हवा होता. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, हे आपण शाळेत शिकतो. प्रत्येक नोंदीतला आकडा वाचायचा, २५.४ ने गुणायचा आणि परत तिथेच लिहायचा, एवढंच काम. स्क्रिप्ट चालू असताना लाईट गेली. लाईट आल्यावर मी स्क्रिप्ट पुन्हा पहिल्यापासून चालवली. ज्या नोंदी आधीच गुणून झाल्या होत्या त्या दुसऱ्यांदा गुणल्या गेल्या. ३.२ इंचांचे ८१.२८ मिलिमीटर झाले आणि मग त्या ८१.२८ चे २०६४.५१.

हा मोठा आकडा सापडला, कारण तो ओरडून सांगत होता की मी खोटा आहे. खरी भीती लहान आकड्यांची होती. ०.१ इंच पाऊस दोनदा गुणला की ६४.५२ मिलिमीटर होतो. एप्रिलमध्ये एखादा वळीव जोरात झाला असेल, असं म्हणून तो आकडा कुणाच्याही डोळ्यांखालून सहज निसटला असता. प्रबंधात गेला असता, तिथून पुढे आणखी कुणाच्या तरी प्रबंधात.

आजची पोस्ट या चुकीच्या इतिहासाबद्दल आहे. माझ्या चुकीचा इतिहास दोन तासांचा. पण "एका फील्डची किंमत दुसऱ्या फील्डवरून भरायची" या साध्या कामाचा इतिहास जवळजवळ पन्नास वर्षांचा आहे. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर कधी ना कधी तुमचा डेटा कुठल्यातरी डेटाबेसात जाणार आणि तुम्हाला हे काम करावं लागणार. तेव्हा आधीच्यांनी कुठे कुठे ठेचा खाल्ल्या ते माहीत असलेलं बरं.

सुरुवात करू या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेपासून. तिथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध छापला. डेटा तक्त्यांत ठेवा आणि काय हवं ते सांगा. ते कसं शोधायचं ते यंत्राला ठरवू द्या, असा त्याचा ढोबळ आशय. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉईस यांनी त्यासाठी एक भाषा मांडली. तिचं नाव सीक्वेल, पुढे तिचंच एसक्यूएल झालं. या भाषेत "पगार = पगार गुणिले १.१" असं एका वाक्यात लिहिता येतं. बरोबर चिन्हाच्या उजवीकडचा 'पगार' म्हणजे जुना, डावीकडचा म्हणजे नवा. आपल्याला हे इतकं सहज वाटतं की यात सोडवण्यासारखं काही असेल अशी शंकाही येत नाही.

शंका आली ती भाषा खरोखर चालवून पाहताना. सिस्टिम आर नावाच्या त्या प्रकल्पात पॅट सेलिंजर आणि मॉर्टन ॲस्ट्राहन यांना एक विचित्र गोष्ट दिसली. वर्षाला २५,००० डॉलरपेक्षा कमी पगार असलेल्या सगळ्यांना दहा टक्के वाढ द्या, अशी क्वेरी होती. क्वेरी कुठलीही तक्रार न करता पूर्ण झाली. पण नंतर पाहिलं तर २५,००० च्या खाली एकही माणूस उरलेला नव्हता.

काय झालं असेल? पुढे वाचण्याआधी मिनिटभर विचार करा, मजा येईल.

यंत्राने पगाराच्या इंडेक्सवरून चालत जायचं ठरवलं होतं. इंडेक्स म्हणजे पगारानुसार चढत्या क्रमाने लावलेली यादी. २०,००० वाला माणूस भेटला, त्याला २२,००० केलं. पगार बदलला म्हणजे यादीतली त्याची जागाही बदलली. तो उचलून पुढे ठेवला गेला. यंत्र चालत पुढे गेलं तर तोच माणूस पुन्हा समोर उभा. २२,००० म्हणजे अजून २५,००० च्या खालीच, म्हणून २४,२००. आणखी पुढे गेलं, पुन्हा तोच, आता २६,६२०. मग कुठे तो सुटला. पंगतीत वाढून झालेला माणूस उठून पुढच्या पानावर जाऊन बसत राहिला तर वाढप्याचं जे होईल, तेच इथे झालं.

तो दिवस हॅलोविनचा होता, म्हणून या घोटाळ्याला 'हॅलोविन प्रॉब्लेम' हे नाव पडलं. गंमत म्हणजे भुताखेतांशी त्याचा काडीचाही संबंध नाही. इथे संशोधनाच्या दृष्टीने एक आडवळण घेते. बहुतेक ठिकाणी साल १९७६ दिलेलं असतं. चेंबरलिन यांनी १९९५ च्या स्नेहमेळाव्यात ही आठवण सांगितली, तेव्हा तो शुक्रवार होता असं ते म्हणाले; आज काही हे सुटणार नाही, नुसतं नाव देऊन ठेवू आणि पुढच्या आठवड्यात बघू, असं त्यांनी ठरवलं होतं. आता दिनदर्शिका काढा. ३१ ऑक्टोबर १९७६ हा रविवार होता. शुक्रवारी ३१ ऑक्टोबर आला होता तो १९७५ मध्ये. मग वार चुकीचा आठवला की साल चुकीचं छापलं गेलं? कदाचित १९७६ मध्ये ऑफिसात सण दोन दिवस आधी, शुक्रवारीच साजरा झाला असेल. निकाल देण्याची माझी तयारी नाही. पण वीस वर्षांनंतर सांगितलेली आठवण आणि ठिकठिकाणी छापलेलं साल यांची एकमेकांशी गाठ घालून पाहायला आपल्याला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं घालवत जा.

या प्रॉब्लेमवरचा उपाय ऐकायला सोपा आहे: वाचणं आणि लिहिणं वेगळं करा. आधी कुणाकुणाला वाढ द्यायची त्यांची यादी पक्की करा, मगच पगाराला हात लावा. किंवा ज्या फील्डमध्ये बदल करायचा, त्याच फील्डच्या इंडेक्सवरून चालू नका. रिलेशनल डेटाबेस बनवणाऱ्या प्रत्येकाला ही काळजी घ्यावी लागली. त्यांनी ती आतल्या आत घेतली, म्हणून आपल्याला कळलीही नाही.

दुसरा प्रश्न एकाच ओळीतल्या दोन फील्डचा. 'अ' मध्ये 'ब' ची किंमत घाला आणि 'ब' मध्ये 'अ' ची, असं एकाच वाक्यात सांगितलं तर काय व्हायला हवं? एसक्यूएलच्या मानकाप्रमाणे उजव्या बाजूला नेहमी बदलाआधीची जुनी ओळ दिसते, त्यामुळे दोघांची नीट अदलाबदल होते. मायएसक्यूएल मात्र साधारणपणे डावीकडून उजवीकडे एकेक नेमणूक उरकत जातं. म्हणजे 'अ' बदलून झाला की 'ब' ला नवा 'अ' दिसतो आणि दोन्हीकडे एकच किंमत येते. हे त्यांच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे, चोरून काही नाही. पण मार्गदर्शिका वाचतं कोण? (मी वाचते आता.)

आता डॉक्युमेंट डेटाबेसकडे येऊ. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: यात तक्ते नसतात, डॉक्युमेंट असतात. एका केंद्राच्या एका महिन्याच्या नोंदीचं एक डॉक्युमेंट. त्यात गाव, महिना, इंच, शेरा अशी फील्ड. दुसऱ्या डॉक्युमेंटमध्ये 'शेरा' नसला तरी चालतं, एखादं जास्तीचं फील्ड असलं तरी चालतं. असे अनेक डॉक्युमेंट मिळून एक कलेक्शन. जुन्या, विस्कळीत नोंदींसाठी हे फार सोयीचं पडतं, म्हणून मी ते निवडलं.

या घराण्यात आधीपासूनच दोन वेगळे स्वभाव दिसतात. २००५ मध्ये डेमियन कॅट्झ यांनी काउचडीबी सुरू केला. त्याचं म्हणणं असं: डॉक्युमेंट बाहेर न्या, हवं ते करा, आणि पूर्ण डॉक्युमेंट परत आणून द्या, पण आणताना तुम्ही कुठली आवृत्ती नेली होती ते सांगा. मधल्या काळात दुसऱ्या कुणी ते बदललं असेल, तर तुमचं लिखाण नाकारलं जाईल. कुलूप लावण्यापेक्षा शेवटी तपासणी करायची ही कल्पना काही नवी नव्हती. कुंग आणि रॉबिन्सन यांनी १९८१ मध्येच ती नीट मांडली होती. यात हिशोब बाहेर होतो, पण कुणाचं लिखाण चोरपावलांनी पुसलं जात नाही.

मोंगोडीबी २००९ मध्ये लोकांसमोर आला. त्याचा स्वभाव वेगळा. त्याने थोडेसे ठरावीक ऑपरेटर दिले: 'सेट' म्हणजे ही किंमत ठेव, 'इंक' म्हणजे एवढ्याने वाढव, 'पुश' म्हणजे यादीत घाल. प्रत्येकाच्या नावाआधी डॉलरचं चिन्ह. डॉक्युमेंट बाहेर न्यायची गरज नाही, आतल्या आत झटपट बदल होतो. पण या ऑपरेटरांना द्यायची किंमत तुम्हीच बाहेरून द्यायची, ती ठाम हवी. 'मिमी' मध्ये ८१.२८ ठेव, असं सांगता येतं. 'मिमी' मध्ये त्याच डॉक्युमेंटमधल्या 'इंच' ची २५.४ पट ठेव, असं सांगता येत नव्हतं.

ही उणीव कुणाच्या लक्षात आली नसेल असं नाही. लोक वर्षानुवर्षं मागणी करत होते. मग दहा वर्षं का लागली? प्रकाशन-टिपा काय आलं ते सांगतात, उशीर का झाला ते कधीच सांगत नाहीत. त्यामुळे पुढचं माझं वाचन आहे, तसंच घ्या. मला वाटतं, सुरुवातीच्या वर्षांत या डेटाबेसकडे सूत्रं सोडवणारी स्वतःची भाषाच नव्हती. हिशोब करायचा तर जावास्क्रिप्ट हाच एक मार्ग होता. सर्व्हरच्या आत जावास्क्रिप्ट चालवायची सोय होती खरी, पण ती वापरली की डिफॉल्टने पूर्ण सर्व्हरवर लिहिण्याचं कुलूप लागायचं. तुमचा हिशोब संपेपर्यंत बाकीचे ताटकळत. पुढे २०१५ च्या ३.० आवृत्तीत ती सोय नापसंत ठरवली गेली आणि ४.२ मध्ये काढूनच टाकली.

सर्व्हरच्या आत मोकळी भाषा सोडण्याचा दुसरा धोका इलॅस्टिकसर्चने अनुभवला. तिथे स्क्रिप्ट लिहून एका फील्डवरून दुसरं फील्ड भरता यायचं. २०१४ मध्ये त्यातल्या एमव्हेल भाषेच्या वाटेने बाहेरचा माणूस सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकतो असं उघड झालं. मग ग्रूव्ही भाषा तिच्याभोवती कुंपण घालून आणली. २०१५ मध्ये त्या कुंपणालाही भोक सापडलं. शेवटी २०१६ च्या ५.० आवृत्तीत त्यांनी 'पेनलेस' नावाची स्वतःची मर्यादित भाषा केली. नाव वाचून हसू येतं, पण मागची दोन वर्षं आठवली की ते नाव का दिलं असेल ते समजतं.

मोंगोडीबीत भाषा हळूहळू, भलत्याच दारातून आली. २०१२ च्या २.२ आवृत्तीत ॲग्रिगेशन फ्रेमवर्क आलं. ते होतं बेरजा, सरासऱ्या, गटवारी करण्यासाठी, म्हणजे वाचण्यासाठी. पण त्यात पहिल्यांदा "या डॉक्युमेंटमधल्या 'इंच' ची किंमत" असं म्हणायची सोय झाली: फील्डच्या नावाआधी डॉलर लावायचा. २०१४ च्या २.६ मध्ये त्याचा निकाल एखाद्या कलेक्शनमध्ये उतरवायची सोय आली. २०१६ च्या अखेरीस ३.४ मध्ये असलेल्या डॉक्युमेंटला नवीन फील्ड जोडायची पायरी आली. आता हुशार लोकांनी जुगाड केला: पूर्ण कलेक्शन वाचायचं, नवीन फील्ड जोडायचं, आणि निकाल त्याच कलेक्शनच्या जागी उतरवायचा. जुगाड चालायचा, पण घराची एक भिंत रंगवायला अख्खं घर नव्याने बांधण्यासारखा. आणि बांधकाम चालू असताना जुन्या घरात कुणी काही आणून ठेवलं असेल, तर ते गेलं.

बाकीच्यांनी लूप लिहिले. एकेक डॉक्युमेंट वाच, बाहेर हिशोब कर, परत लिही. माझी स्क्रिप्टही त्यातलीच. आमच्या लॅबमध्ये ती सीनियरकडून ज्युनिअरकडे फिरत आली होती. कुणी लिहिली, कधी लिहिली, कुणालाच माहीत नाही.

या लूपमध्ये तीन खड्डे आहेत आणि तिन्ही जुनेच आहेत. पहिला हॅलोविनचा. जुन्या मोंगोडीबीत डॉक्युमेंट मोठं झालं आणि आपल्या जागेत मावेना, की ते डिस्कवर दुसरीकडे हलवलं जायचं. लूप पुढे चालत असताना तेच डॉक्युमेंट पुन्हा समोर येऊ शकायचं. सॅन होजेतला तोच घोटाळा, फक्त पगाराच्या जागी डॉक्युमेंटचा आकार. तो टाळायला 'स्नॅपशॉट' नावाचा एक खास पर्याय होता. साठवणुकीची पद्धत बदलल्यावर त्याची गरज सरली आणि ४.० मध्ये तो गेला.

दुसरा खड्डा हरवलेल्या बदलाचा. समजा मी डॉक्युमेंट वाचलं. त्याच क्षणी माझ्या ज्युनिअरने त्यातलं गावाचं चुकलेलं नाव दुरुस्त केलं. मग मी माझं आधी वाचलेलं पूर्ण डॉक्युमेंट नव्या 'मिमी' सकट परत लिहिलं. त्याची दुरुस्ती गेली. त्यालाही कळलं नाही, मलाही नाही. डेटाबेसवाल्यांकडे याला 'लॉस्ट अपडेट' असं जुनं नाव आहे.

तिसरा खड्डा मी पडले तो. इथे एक संकल्पना लक्षात ठेवा, पुढे खूप ठिकाणी भेटेल. हजेरीपटावर 'हजर' लिहिलं आणि चुकून पुन्हा 'हजर' लिहिलं, तर काही बिघडत नाही. पण उधारीच्या वहीत दहा रुपये वाढवले आणि चुकून पुन्हा वाढवले, तर भांडण ठरलेलं. पहिल्या प्रकारच्या कामाला 'इडेम्पोटंट' म्हणतात. कितीही वेळा करा, उत्तर तेच. मोंगोडीबी स्वतः हे पाळतो. मुख्य सर्व्हर आपले बदल दुय्यम सर्व्हरांसाठी एका रोजनिशीत लिहून ठेवतो. तुम्ही "दहाने वाढव" म्हणालात तरी तो तिथे "आता किंमत इतकी आहे" असंच लिहितो, म्हणजे ती ओळ दोनदा वाचली गेली तरी हिशोब बिघडत नाही. माझी स्क्रिप्ट मात्र 'पाऊस' वाचून 'पाऊस' मध्येच लिहीत होती. आकडा इंचांतला की मिलिमीटरमधला, हे त्या आकड्याकडे बघून सांगायचा काहीच मार्ग उरला नव्हता.

तिने 'इंच' वाचून 'मिमी' मध्ये लिहिलं असतं, तर लाईट दहा वेळा गेली असती तरी चाललं असतं. म्हणजे दुसऱ्या फील्डवरून किंमत भरणं ही नुसती सोय नाही. मूळ आकडा आणि त्यावरून काढलेला आकडा वेगळे राहिले, तर चुकल्यावर परत जायला जागा राहते.

ऑगस्ट २०१९ मध्ये ४.२ आवृत्ती आली आणि ही गोष्ट शेवटी थेट करता येऊ लागली. अपडेटच्या आत ॲग्रिगेशनच्या काही पायऱ्या वापरायची मुभा मिळाली: फील्ड जोडणं किंवा बदलणं, फील्ड काढणं, पूर्ण डॉक्युमेंट नव्याने मांडणं. 'इंच' ची २५.४ पट 'मिमी' मध्ये ठेव, हे आता एका वाक्यात होतं, डॉक्युमेंट बाहेर न आणता. एकेका डॉक्युमेंटपुरता बदल पूर्ण होतो किंवा होतच नाही. लाखभर डॉक्युमेंटचं काम मध्येच तुटलं तर काही बदललेली, काही न बदललेली राहू शकतात, हे मात्र अजूनही खरं आहे. पुन्हा चालवण्याजोगं लिहायचं ते त्यासाठीच. आणि अदलाबदलीचं म्हणाल, तर एकाच पायरीत 'अ' आणि 'ब' बदलले की दोघांना जुनं डॉक्युमेंट दिसतं, मानकाप्रमाणे. दोन वेगळ्या पायऱ्यांत लिहिले तर दुसरीला पहिलीचा निकाल दिसतो, मायएसक्यूएलसारखं. कुठला अर्थ हवा ते तुम्ही लिहिता लिहिता ठरवता. ही रचना मला मनापासून आवडते.

एक सापळा मात्र आहे आणि तो इतिहासातूनच आलेला आहे. हा नवा अर्थ हवा असेल तर अपडेटचा मजकूर चौकटी कंसांत गुंडाळावा लागतो. कंस विसरलात तर डेटाबेस जुन्या रीतीने वाचतो: 'मिमी' मध्ये ठेवायची ठाम किंमत म्हणजे "डॉलरचं चिन्ह आणि पुढे इंच" एवढी अक्षरं. प्रत्येक डॉक्युमेंटमध्ये तीच अक्षरं जाऊन बसतात. काहीही चुकलं असं तो म्हणत नाही, कारण जुन्या नियमाप्रमाणे काही चुकलेलंच नसतं. डॉलरने सुरू होणारा मजकूर साठवणं आधीपासून वैध होतं, दुकानाच्या डेटात किंमती तशा असूही शकतात. जुन्या कुणाचं काही मोडायचं नाही म्हणून नव्याला कंसांची खूण दिली, आणि त्या खुणेवर आज नवशिके घसरतात. दोन-चार डॉक्युमेंटच्या वेगळ्या कलेक्शनवर आधी चालवून पाहा, एवढंच सांगेन.

रिकाम्या जागांचंही बघा. डॉक्युमेंटमध्ये 'इंच' नसेलच, तर गुणाकाराचं उत्तर शून्य येत नाही, नल येतं. माझ्या मते हे योग्य आहे. नोंद नाही म्हणजे पाऊस नाही असं नव्हे. नोंद करणारा आजारी असू शकतो, वहीचं पान वाळवीने खाल्लेलं असू शकतं. पण पोस्टग्रेस वापरत असाल तर जरा जपून. तिथे २०१४ च्या ९.४ मध्ये जेसनबी आलं, म्हणजे तक्त्याच्या एका रकान्यात पूर्ण डॉक्युमेंट ठेवायची सोय. २०१६ च्या सुरुवातीला ९.५ मध्ये त्यातलं एकच फील्ड बदलणारं फंक्शन आलं. साधं फंक्शन असल्याने उजव्या बाजूला हवं ते सूत्र लिहिता येतं. मात्र त्या सूत्राचं उत्तर नल आलं, तर फंक्शनचं उत्तरही नल, म्हणजे ते एक फील्ड नव्हे तर पूर्ण डॉक्युमेंट रिकामं. तेराव्या आवृत्तीत, २०२० मध्ये, यासाठी एक सैल भाऊ दिला गेला, ज्याला नल आल्यावर काय करायचं ते सांगता येतं. जुना भाऊ आहे तसाच आहे.

माझ्या डेटाचं काय झालं ते सांगून थांबते. गुणलेल्या आकड्यांना २५.४ ने भागून परत आणावं, असा पहिला विचार होता. पण कुठला आकडा एकदा गुणलाय आणि कुठला दोनदा? स्क्रिप्ट कुठे तुटली त्याची नोंद मी ठेवली नव्हती. मॅडमनी एकच विचारलं, "मूळ कुठेय?" नशिबाने टंकलेखनाच्या वेळच्या फाइली एका पेनड्राइव्हवर होत्या. कलेक्शन पूर्ण पुसून पुन्हा भरलं. आता त्यात 'पाऊस' नावाचं फील्डच नाही. 'इंच' आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही. 'मिमी' आहे, ते 'इंच' वरून निघतं. 'मिमी' कुठल्या सूत्राने आणि कुठल्या तारखेला काढलं तेही तिथेच लिहिलेलं आहे.

तरी एक जळमट राहिलंच आहे. मागच्या आठवड्यात ज्युनिअरने मूळ वहीशी ताडून एका ठिकाणचे 'इंच' दुरुस्त केले, आणि 'मिमी' जुनंच राहिलं. साठवलेलं 'मिमी' ठेवूच नये, दर वेळी वाचताना काढावं, असं तो म्हणतो. मोंगोडीबीत ३.४ पासून व्ह्यू आहेत, म्हणजे ते करता येईल. मी अजून हो म्हटलेलं नाही. आलेख काढताना वेग लागतो, आणि ज्या आकड्यांवरून प्रकरण लिहिलं ते आकडे जसेच्या तसे कुठेतरी साठवलेले असावेत असंही वाटतं. सोमवारी मॅडमसमोर दोघांनी आपापली बाजू मांडायची आहे.